लहानूच्या वाट्याचं सरळ वाक्य

लहानू गेल्याचा फोन आला तेव्हा मी राहात्याला आमच्या पेरूच्या बागेत होतो. फोन त्याच्या मुलीचा, वैशालीचा. "मास्तरकाका, आबा गेले," एवढंच बोलली ती, आणि मग बराच वेळ पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला... हातातले पेरू क्रेटमध्ये ठेवले, पाय धुतले आणि नगरची गाडी धरली. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण आमच्या तोंडी नगरच. तिथून पाथर्डीच्या गाडीनं तिसगाव. रस्ताभर मला रडू आलं नाही, खोटं कशाला बोलू. सुटल्यासारखं वाटत होतं, त्याच्या वतीनं. रडू दुसऱ्या दिवशी आलं, तेही रागानं. पेपरात त्याचा हवालदाराच्या टोपीतला सिनेमातला फोटो होता आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'अखेरच्या श्वासापर्यंत हसवत राहिलेला कलावंत'. ज्यानं कोणी हे लिहिलं त्याला माझा रामराम. बाबा रे, त्याची शेवटची दोन वर्षं तू पाहिली नाहीस, मी पाहिली. त्या माणसाला शेवटी शेवटी हसवण्यातून सुटका हवी होती आणि ती आम्ही कोणीही त्याला देऊ शकलो नाही. आज काही आठवड्यांनी हे लिहायला बसलोय ते तेवढ्यासाठीच.

लहानू तिसगावकर हे नाव तुमच्यापैकी कोणाला आठवणार नाही, पण चेहरा आठवेल. मराठी सिनेमात पाटलाच्या मागे छत्री धरून चालणारा, चोर समजून फौजदारालाच धरणारा, लग्नाच्या पंगतीत शेणात घसरून पडणारा माणूस तुम्ही पाहिलेला आहे. आमच्याकडे मात्र तो आधी तमाशातला सोंगाड्या. मी त्याच फडात वग लिहायचो आणि राजाचं कामही करायचो. मॅट्रिक झालेला फडात मी एकटाच, म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे. मी राजा, तो प्रधान. मी वाक्य टाकायचं, त्यानं उडवायचं. आमचं आयुष्य म्हणजे एवढंच, आणि ते फार मजेत गेलं हेही सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की आम्ही जन्मभर कण्हतच होतो.

त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. कारखान्यावरच्या पाचटाच्या कोप्यांमध्ये हा लहानाचा मोठा झाला आणि तिथंच मुकादमाची नक्कल करून आख्ख्या तळाला हसवायला शिकला. मुकादमानं एकदा आडून ती नक्कल पाहिली आणि याला धरून बडवला. लहानू म्हणायचा, मास्तर, तवाच मला कळलं, आपल्याला जमतंय. पुढं यात्रेत फड पाहिला आणि हा त्यांच्या मागोमाग निघूनच गेला. त्याच्या वडिलांना ते कधीच पटलं नाही. बौद्ध झाल्यावर त्यांनी गावकीची सगळी हलकी कामं सोडली होती, मान वर करून जगायचं ठरवलं होतं, आणि मुलगा गावोगाव नाच्या-सोंगाड्या म्हणून फिरतो ही गोष्ट त्यांच्या काळजाला लागली. लोकांनी आपल्याला हसू नये म्हणून आम्ही एवढं केलं आन् तू त्यास्नी हसायलाच बसवतोस व्हय, असं ते म्हणाले होते. तंबूत सगळे जेवून आडवे झाले की कधीकधी तो वडिलांचा विषय काढायचा आणि लगेच त्यावर एखादा विनोद करून मोकळा व्हायचा. वडील त्याचा तमाशा पाहायला कधीही आले नाहीत.

त्याची काम करायची पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटायचं, सोंगाड्या काय, तोंडाला येईल ते बोलतो. इतर बोलत असतीलही. लहानूचं तसं नव्हतं. एखादं उत्तर त्याला पहिल्यांदा सुचायचं ते खरंच तिथल्या तिथं सुचायचं, पण त्याला हशा आला की तो ते वाक्य खिळा ठोकल्यासारखं पक्कं करायचा. शब्द तोच, श्वास त्याच ठिकाणी, थांबायचं तेवढंच. पुढची वीस-वीस वर्षं त्यात काडीचा फरक नाही. मी चुकून माझं वाक्य बदललं तर तो तिथं नुसता उभा राहायचा, आणि बाहेर आल्यावर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आणि दुसरी एक गोष्ट होती, ती फडाची रीत. सोंगाड्याच्या तोंडी सरळ वाक्य घालायचं नाही. प्रेमाचं, मायेचं, दुःखाचं बोलायचं ते राजानं, नाहीतर राणीनं. सोंगाड्यानं तसं काही बोललंच, तर त्याला मागून शेपूट जोडायचं. लोक गप्प होऊन ऐकायला लागले की शेपूट हलवायचं आणि तंबू डोक्यावर घ्यायचा. मीही तसंच लिहीत आलो. मला शिकवणाऱ्यांनी तसंच शिकवलं होतं, आणि पीठ येतंय तोवर जातं कोण उघडून पाहतो?

सिनेमात गेला तेव्हा वाटलं, तिथं तरी काही वेगळं मिळेल. एका दिग्दर्शकानं एकदा त्याला मुलीच्या बापाचं काम दिलं. पाठवणीचा प्रसंग. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून "सुखानं ऱ्हा, पोरी," एवढंच म्हणायचं होतं. लहानूनं म्हटलं आणि दिवे धरणारी माणसं फिसकन हसली. पुन्हा घेतलं, पुन्हा हसली. त्यांचाही दोष नाही, तो चेहरा दिसला की हसायचं ही सवयच लागली होती सगळ्यांना. शेवटी बापाचं काम दुसऱ्याला दिलं आणि त्याच लग्नात लहानूला आचारी केलं. मला हे सांगतानासुद्धा तो म्हणाला, बरं झालं मास्तर, पोरीच्या बापाला उपाशी ऱ्हावं लागतं, आचाऱ्याला न्हाई. मी पोट धरून हसलो.

त्याची बायको कौसाबाई. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भावजी. या बाईनं नवऱ्याचा तमाशा आयुष्यात पाहिला नाही. आम्हा फडवाल्यांच्या घरच्या बायका तमाशाला जात नाहीत, आणि तिला तशी हौसही नव्हती. तिच्या वाट्याला आलेला तमाशा घरातलाच. ती रागावली की लहानू तोंड वाकडं करायचा, चहा ओठातून सांडायचा, एक हात लुळा पाडून खाटेवर कलंडायचा. ती हसेपर्यंत उठायचा नाही. ती न हसण्याची पराकाष्ठा करायची आणि शेवटी फस्सकन हसायचीच. भांडण मिटवायची दुसरी कुठलीच रीत त्याला ठाऊक नव्हती. चुकलं, असं तो कधी म्हणाला नाही आणि तिनंही कधी मागितलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फड केव्हाच मोडला होता, सिनेमावाले बोलवायचे थांबले होते, लहानू गावात शेळ्या राखत होता. त्या सकाळी तो शेळी बांधायला विसरला आणि तिनं वहिनींची मेथी फस्त केली. वहिनी तोंडाचा पट्टा सोडून चुलीपुढे बसल्या होत्या. लहानू खाटेवर चहा पीत होता. बोलता बोलता त्यांनी मागे पाहिलं, तर याचं तोंड वाकडं, चहा हनुवटीवरून गळतोय, एक हात खाली लोंबतोय... त्यांना वाटलं, झालं, याचं सुरू झालं. "पुरं झालं तुमचं सोंग. आज न्हाई हसायची मी," म्हणाल्या आणि खुरपं घेऊन बायकांबरोबर कांदा खुरपायला निघून गेल्या. दुपारी भाकरीला आल्या तेव्हा तो तसाच पडलेला होता. डोळे उघडे. नगरला दवाखान्यात नेईपर्यंत संध्याकाळ झाली. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि जाता जाता म्हणाले, थोडं लवकर आणलं असतं तर... पुढचं ते बोललेच नाहीत, पण वहिनींनी ते अर्धं वाक्य पदराला गाठ मारून ठेवावं तसं ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्या मला कोपऱ्यात नेऊन एकच गोष्ट परत परत सांगत होत्या. ते मला हाका मारत असतील का हो भावजी, तोंडानं येत नव्हतं म्हणून डोळ्यांनी, आन् मी पाठ फिरवून गेले.

उजवी बाजू गेली होती आणि बोलणं पार गेलं होतं. पाणी मागायचं तर नुसतं त-त-त. मी त्याच्या खाटेजवळ उभा राहिलो. काय बोलावं सुचेना, म्हणून तोंडात बसलेलंच बाहेर आलं. राजाच्या आवाजात म्हणालो, "कोण आहे रे तिकडे?" आणि खाटेवरून खणखणीत उत्तर आलं, "कुनी न्हाई म्हाराज. मी हाय, पन मला धरू नका." वॉर्डातले सगळे पेशंट वळून पाहायला लागले. वैशाली रडत रडत डॉक्टरांना बोलवायला धावली, आबा बोलले म्हणून. मलाही वाटलं, सुटलो आता. डॉक्टर आले, त्यांनी त्याला नाव विचारलं, गाव विचारलं. त-त-त. मग मी पुन्हा वाक्य टाकलं, पुन्हा उत्तर आलं, शब्दन् शब्द. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की वर्षानुवर्षं घोकलेलं डोक्यात वेगळ्या जागी राहतं, गाणी राहतात तसं. ते येईल. स्वतःचं बोलणं बहुधा यायचं नाही. लहानू आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होता आणि त्याला सगळं समजत होतं. हे मी छातीठोक सांगतो, त्याला सगळं समजत होतं.

मग मी महिन्यातून दोनतीनदा तिसगावला जायला लागलो. वहिनींना मी वाक्यं शिकवली. "प्रधानजी, जेवणार का?" असं विचारलं की तो म्हणायचा, "पोट भरलंय म्हाराज... तुमचं." त्या उत्तरासाठी त्याचं तोंड उघडायचं, तेवढ्यात घास द्यायचा. आंघोळीचं वाक्य होतं, झोपायचं होतं. सुरुवातीला बरं वाटलं सगळ्यांना. गावातले लोक यायचे, जुने जुने प्रसंग काढायचे, तो उत्तरं द्यायचा, लोक हसायचे, मोबाईलवर घेऊन जायचे. कोणीतरी म्हणालंसुद्धा की बघा, एवढ्या आजारपणातही माणूस किती आनंदी. मी त्या गृहस्थाला म्हणालो, अहो, त्याच्या तोंडाकडे पाहू नका, डोळ्यांकडे पाहा. चांगल्या डोळ्यातून पाण्याची धार लागलेली असायची आणि तोंड मात्र टाळ्या घेत असायचं. त्याला पोटात दुखतंय हे सांगता येत नव्हतं, लघवीला जायचंय हे सांगता येत नव्हतं, पण वगातला म्हशीचा विनोद सांगता येत होता. यापेक्षा मुका झाला असता तर बरं झालं असतं. शेवटी वैशालीनंच गावकऱ्यांना हात जोडून त्यांचं येणं बंद केलं.

एकदा मी निघालो तेव्हा वहिनी रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. मग म्हणाल्या, "भावजी, तुमी त्यांच्याकून काय बी बोलवून घेता. माझ्यासाठी एक बोलवा." मी विचारलं, काय? "तुझी चूक न्हाई, म्हणून." मी म्हटलं, वहिनी, ते त्याचं बोलणं नसेल, वगातलं असेल. त्यावर म्हणाल्या, "वगातलं असू द्या. तोंड तर त्यांचं हाय ना."

मी घरी येऊन सगळे वग आठवले. मीच लिहिलेले. राजाला मी बायकोची क्षमा मागायला लावली होती, युवराजाला लावली होती, एका वगात तर कोतवालसुद्धा रडून बोलतो. लहानूच्या वाट्याला काही नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? नवं वाक्य शिकवून पाहावं म्हणून पुढच्या खेपेला दिवसभर त्याच्याजवळ बसलो. तुझी चूक न्हाई, म्हण. तुझी चूक न्हाई. तो माझ्या ओठांकडे पाहायचा, ताकद लावायचा, कपाळावरची शीर तटतटायची आणि त-त-त यायचं. कशासाठी चाललंय हे त्याला कळलं होतं, कारण मधेच त्यानं मान वळवून वहिनींकडे पाहिलं आणि चांगल्या हातानं खाटेवर थाड थाड बुक्क्या मारल्या. माझ्यानं पुढं रेटवेना.

एकच जागा होती. एका वगात प्रधानाची बायको म्हणते, "धनी, माझं चुकलं." लहानू तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि अगदी मऊ आवाजात म्हणायचा, "तुझं काय बी चुकलं न्हाई गं..." इथं तो थांबायचा. आख्खा तंबू गप्प व्हायचा. समोरच्या बाया पदर डोळ्याला लावायच्या. आणि मग शेपूट यायचं, "चुकलं माझ्या बापाचं. बाजारात म्हशीला गेल्ता, तुला घिऊन आला." मी हिशेब केला. मधली ती थांबायची जागा मला माझ्या श्वासासारखी पाठ होती. त्या जागेत मी दुसरं वाक्य टाकलं तर तो गडी इकडे वळेल, शेपूट राहून जाईल, आणि वहिनींना हवं ते मिळेल. त्यांना मी शेपटाचं काही सांगितलं नाही. फक्त काय म्हणायचं ते सांगितलं. "धनीच म्हनू का? मी कधी म्हनत न्हाई." म्हटलं, धनीच म्हणा, शब्द बदलला तर तो ओळखायचा नाही.

दुपारची वेळ होती. वहिनी खाटेशेजारी खाली बसल्या. डोक्यावर पदर घेतला. मला वाटलं होतं, शिकवल्यासारखं म्हणतील, पण त्यांना ते तसं म्हणताच आलं नाही. "धनी, माझं चुकलं," म्हणाल्या आणि हुंदका आला त्यांना... लहानूनं चांगला हात उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि तो मऊ आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला. "तुझं काय बी चुकलं न्हाई गं." वहिनींनी मान वर केली. तो चेहरा मी विसरू शकत नाही. मी ताबडतोब वाक्य टाकलं, "कोण आहे रे तिकडे?" लहानूनं माझ्याकडे पाहिलं नाही. एवढ्या वर्षांत त्यानं माझं वाक्य कधी खाली पडू दिलं नव्हतं, त्या दिवशी पडू दिलं. जेवढं थांबायचं तेवढाच थांबला आणि शेपटासकट सगळं म्हणाला. बाप, बाजार, म्हैस, सगळं. आणि मग हशासाठी थांबला.

हशा आला नाही. कोण हसणार? तो तसाच थांबून राहिला, एकदा माझ्याकडे बघायचा, एकदा वहिनींकडे. हशा ओसरल्याशिवाय त्याचं पुढचं पाऊल कधी पडलंच नव्हतं, आणि इथं हशा सुरूच होत नव्हता. तोंड उघडं, हात तिच्या डोक्यावर, डोळ्यांत भीती. मला हसायला जमेना हो. मी जन्मभर त्याच्या शेजारी उभा राहिलेला माणूस, मला जमेना. वहिनी हसल्या. जीव एकवटून, ओढून ताणून, मोठ्यानं हसल्या, जत्रेतल्या बाईसारख्या. तेव्हा कुठं त्यानं हात खाली घेतला आणि डोळे मिटले. वहिनी उठून आत गेल्या आणि बराच वेळ आतून भांडी घासण्याचा आवाज येत होता. त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही. लहानू त्यापुढं थोडेच महिने काढू शकला. हळूहळू वाक्यांना उत्तरं येईनाशी झाली, शेवटच्या आठवड्यात तर त-त-तही बंद झालं. पेपरवाल्यांनी लिहिलेला तो अखेरचा श्वास वैशालीनं पाहिला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

जलदानविधी झाला, पाहुणे पांगले. मी मुद्दाम मागे राहिलो होतो. वहिनींनी त्याची खाट बाहेर काढून धुतली होती आणि ओल्या नवारीवरच त्या बसल्या होत्या. मला बसा म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "भावजी, एक खरं सांगा. त्या दिशी ते म्हनले, तुझं काय बी चुकलं न्हाई. ते मला म्हनले का वगातल्या बाईला?"

डॉक्टरांनी सांगितलेलं मला पाठ होतं. पण त्यानं माझं वाक्य खाली पडू दिलं होतं, हेही मी पाहिलं होतं. खरं काय ते मला त्या दिवशीही कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही. समोर ती बाई बसली होती. मी म्हणालो, "तुम्हालाच वहिनी. शपथ घेऊन सांगतो."

त्यांनी नवारीचं पाणी हातानं निपटलं.

"मंग म्हशीचं बी मलाच."

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या तोंडी उत्तरं घालत आलो. मला एक सुचलं नाही. मी चपला घातल्या आणि गाडीसाठी रस्त्यावर येऊन उभा राहिलो.